पीकसंरक्षणासाठी बंदूक घ्यायचीय? ठासणी, बारा बोअर की रायफल : परवडतं काय आणि चालतं काय

भात पसवायला लागलं की रानडुकरं कुणग्यात उतरतात. एका रात्रीत कळप येऊन गेला की सकाळी भात लोळवलेलं, नाचणी उपटलेली, केळीचे गड्डे उकरलेले. गडगा पाडून आत येतात, डबे वाजवले तरी दोन दिवसांनी सवय होते. मग गावात एकच विषय निघतो. बंदूक घ्यावी काय? आणि घ्यायची तर कुठली, किती रुपयांची?

हल्ली हा प्रश्न मोबाईलवर जास्त विचारला जातो. व्हिडिओत परदेशातले शिकारी स्वस्तातल्या बोल्ट ॲक्शन रायफली दाखवतात, दीडशे-दोनशे मीटरवर डुक्कर पाडतात. ते बघून आपल्याकडच्या तरुण शेतकऱ्यालाही वाटतं, असलीच एखादी मिळाली तर प्रश्नच मिटला. पण आपल्या जिल्ह्यातला शेतकरी दुकानात जाऊन हवी ती रायफल उचलू शकत नाही. कायदा काय देतो, आपलं शेत कसं आहे आणि सुटलेली गोळी कुठे जाऊन थांबते, या तीन गोष्टींवर बंदूक ठरते. किंमत त्यानंतर येते.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. बंदूक बाळगायचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो, तो जिल्हाधिकारी देतात. जनावर मारायची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली मिळते, ती वनखात्याकडून. हे दोन कागद वेगळे. पहिला आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

आपल्या देशात हौसेची शिकार बंद आहे. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. जखमी करणं, पकडणं, फासा लावणं, त्यासाठी हाकारा घालणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. पण उभ्या पिकाचं नुकसान करणारा प्राणी असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी देता येते. रानडुक्कर या कलमात बसतं. अर्ज आपल्या भागाच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात करायचा.

गव्याचं तसं नाही. गवा, हत्ती, मोर, शेकरू हे अनुसूची १ मधले प्राणी. त्यांनी पीक खाल्लं म्हणून त्यांना मारायची परवानगी मिळत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, एवढाच मार्ग. माकड-वानरांच्या बाबतीतही आधी वनखात्याला विचारावं. कोणी सांगितलं म्हणून बार काढू नये.

परवानगीशिवाय डुक्कर मारलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अनुसूची १ मधला प्राणी असेल तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर २५ हजारांपेक्षा कमी नाही इतका दंड. बंदूक आणि गाडीही जप्त होते, ते वेगळंच.

कायदा शेतकऱ्याला कुठली बंदूक देतो?

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये याचं उत्तर चक्क लिहून ठेवलंय. खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी नागरिकानं ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा असं कलम सांगतं. आणि ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. गुळगुळीत नळीची म्हणजे आपली बारा बोअरची काडतुसाची बंदूक. कलमात तिची नळी २० इंचांपेक्षा कमी नसावी असं म्हटलंय.

रायफल या यादीत नाही. रायफलीचा परवाना मिळतच नाही असं नाही, पण त्यासाठी 'सबळ कारण' दाखवावं लागतं. ते कारण पटलं की नाही, हे अधिकारी ठरवतो. डुकरांचा उपद्रव हे कारण दिलं की पहिला प्रश्न येणार, मग ठासणी किंवा बारा बोअर का नको?

म्हणून पीकसंरक्षणाच्या अर्जात नुसतं 'बंदूक' असं मोघम लिहू नये. कुठल्या प्रकारची हवी आणि का, हे नीट लिहावं. परवाना एका प्रकारचा मिळाला आणि मन दुसऱ्यावर बसलं, तर पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या सुरू.

ठासणीची बंदूक : स्वस्त, पण हात सराईत हवा

कोकणातल्या जुन्या घरांतून ही बंदूक अजून दिसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, गजानं ठासायचं. मागे बोंडावर केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो आणि बार निघतो.

किमतीला सगळ्यात कमी आणि यंत्र साधं. एका बारानंतर पुन्हा भरायला वेळ लागतो, पण पीक राखणाऱ्याला सहसा एकच बार लागतो. आवाजानंच कळप पांगतो.

तोटे पावसात कळतात. दारू सर्दावली, केप भिजली की बार चुकतो. आणि चुकलेला बार हीच खरी धोक्याची वेळ. कधी कधी केप फुटते, दारू आत धुमसत राहते आणि काही सेकंदांनी बार सुटतो. चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक निदान मिनिटभर तशीच, नळीचं तोंड मोकळ्या मातीकडे करून धरावी. लगेच डोळा लावून आत बघायला जाऊ नये.

दुसरी चूक म्हणजे भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरणं. दोनदा ठासलेली नळी फुटते. यावर जुन्या लोकांची युक्ती चांगली आहे. रिकाम्या नळीत गज टाकून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवायची. गज त्या खुणेपर्यंत आत गेला नाही तर बंदूक भरलेली आहे, असं समजायचं.

आणखी एक. काडतुसं फोडून त्यातली दारू ठासणीत भरायचा उद्योग कोणी करू नये. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी, तिचा जोर वेगळा. ठासणीची नळी त्या जोरासाठी केलेलीच नसते. हाताची बोटं आणि डोळे असेच जातात.

बारा बोअर : बहुतेक शेतांना हीच पुरते

बारा बोअर म्हणजे काय, हे अनेकांना माहीत नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीची जाडी ती या नळीची जाडी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून एका काडतुसात अनेक छरे भरता येतात.

काडतूस कुठलं यावर सगळं आहे. पक्ष्यांचे बारीक छरे डुकराला नुसते जखमी करतात. मोठ्या जनावरासाठी एलजी आणि एसजी ही जाड छऱ्यांची काडतुसं असतात. एलजीचे सहा छरे मिळून एक औंस भरतो, एसजीचे आठ. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत.

या बंदुकीचा भरवशाचा टप्पा तीस-पस्तीस मीटरचा. त्यापुढे छरे पांगतात आणि जनावर जखमी होऊन रानात जातं. हा टप्पा कमी वाटेल. पण रात्री माळ्यावर बसलेल्या माणसाला बॅटरीच्या उजेडात खात्रीनं दिसतं ते तेवढंच. जे नीट दिसत नाही, त्यावर झाडायला लांब पल्ल्याची बंदूक हवी कशाला?

एकनळी स्वस्त, हलकी आणि बिघडायला कमी. दोन नळीची महाग, पण दुसरा बार हाताशी राहतो. जखमी डुक्कर अंगावर येतं हे ज्यांनी बघितलंय, ते दुसऱ्या बाराची किंमत जाणतात. तरीही पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्या, दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याला एकनळी पुरते.

.३१५ रायफल : आपल्याकडची परवडणारी बोल्ट ॲक्शन

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री चर असतात. त्यामुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाते आणि लांबवर नेम लागतो. बोल्ट ॲक्शन म्हणजे दाराच्या कडीसारखा खिटीचा दांडा हातानं उचलून मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवीन आत जातं. भाग थोडे, रचना मजबूत, साफसफाई सोपी. म्हणून जगभर साध्या शिकाऱ्याची हीच रायफल.

आपल्या देशात या प्रकारातली सर्वसामान्यांच्या ओळखीची रायफल म्हणजे .३१५ बोअरची. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची. लष्कराच्या जुन्या ली एनफिल्ड रायफलीच्या धर्तीवर ती बनते, मॅगझिनमध्ये पाच काडतुसं बसतात. हा बोअर आला कुठून, तर इंग्रज अमदानीत. लष्कराचा .३०३ बोअर सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून शिकारीच्या रायफलींना वेगळा बोअर दिला गेला. .३०३ आजही सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. परवान्यावर पीबी आणि एनपीबी अशी अक्षरं असतात, ती याचीच. पीबी म्हणजे मनाई असलेला बोअर, एनपीबी म्हणजे मनाई नसलेला. .३१५ एनपीबीत येतो.

२०२१ च्या १ ऑक्टोबरपासून सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. ईशापूरचा कारखाना आता ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीत आहे, तर खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियात. जुन्या रायफलीवर वेगळा शिक्का दिसला तर गोंधळून जाऊ नये.

रायफल चांगली आहे, यात वाद नाही. पण ती आपल्या शेतात चालते का? .३१५ ची गोळी जवळजवळ १६ ग्रॅम वजनाची. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली तर ती दोन-तीन किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. आता आपला गाव डोळ्यांसमोर आणा. दोन किलोमीटरच्या आत वाडी आहे, रस्ता आहे, दुसऱ्याचा मांगर आहे, काजूच्या बागेत राखणीला बसलेला शेजारी आहे. त्यात जिकडेतिकडे कातळ. कातळावर किंवा जांभ्याच्या गडग्यावर आपटलेली गोळी उसळी मारून कुठे जाईल, हे सांगता येत नाही.

छरे त्या मानानं लवकर मरतात. तरी एसजीचा छरा पाचशे मीटरच्या पुढेही जातो, हे विसरू नये. 'छर्रेच तर आहेत' असं म्हणून वाडीच्या दिशेनं बार काढणं हा गुन्हाच.

व्हिडिओतल्या रायफली इथे का मिळत नाहीत

रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस ही नावं मोबाईलवर ऐकू येतात. अमेरिकेत त्या कमी बजेटच्या रायफली म्हणून विकल्या जातात. तिथली शिकारीची पद्धत वेगळी. हंगाम ठरलेला, परवाना शिकारीचा, मैलोनमैल मोकळी जमीन. आपल्याकडे परदेशातून बंदूक मागवायला सामान्य परवानाधारकाला मोकळीक नाही. तसली रायफल 'आणून देतो' म्हणणारा माणूस भेटला तर तो तुम्हाला तुरुंगाची वाट दाखवतोय, एवढं समजावं.

गावठी कट्टा, बिनपरवान्याची ठासणी यांचंही तेच. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षं कैद आणि दंड, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर झाली आहे.

एअरगनला ठरावीक ताकदीपर्यंत, म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत, परवाना लागत नाही. पण ती डुकरासाठी नाही. आणि परवाना लागत नाही म्हणून तिनं मोर किंवा ससा मारायची मोकळीक मिळत नाही, वन्यजीव कायदा तिलाही लागू आहे. .२२ रायफल कायद्यात नेमबाजीच्या सरावासाठी धरलेली आहे. डुकराला तिची गोळी पुरत नाही, जनावर तडफडत राहतं आणि धोकादायक होतं.

शेत बघून बंदूक ठरवा

- घराजवळचा कुणगा, भोवती वस्ती : गोळीची बंदूक नकोच. सौर कुंपण आणि राखण बरी. बंदूक असलीच तर आवाजापुरती, आणि तीही परवान्याच्या अटीत बसत असेल तर.
- वाडीपासून लांब, दाट झाडीला लागून शेत : एकनळी बारा बोअर किंवा चांगल्या अवस्थेतली ठासणी. बसायला माळा घालावा. वरून खाली मारलेला बार मातीत जातो, हा माळ्याचा सगळ्यात मोठा फायदा.
- डोंगरउतारावर मोठी बाग, मागे मातीचा उंच डोंगर : इथेच काय तो रायफलीचा विचार होऊ शकतो. तोही नेमबाजीचा सराव असलेल्यानं आणि दिवसाउजेडी.
- सपाट कातळ, सडा : रायफल अजिबात नको.

सगळ्यात स्वस्त बंदूक घरातच असेल

अनेक घरांत आजोबा-वडिलांच्या नावची बंदूक असते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे बंदूक येऊन २५ वर्षं झाली, तर तो हयातीतच ती कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाला परवाना मिळण्याची पात्रता मात्र लागते. नवीन खरेदीचा पैसा वाचतो आणि बंदूक ओळखीची असते.

उलट बाजूही बघावी. वडील वारले, बंदूक खुंटीवर तशीच राहिली, नाव कोणी बदललं नाही. असं अनेक घरांत होतं. कायद्याच्या नजरेत ती त्या दिवसापासून विनापरवाना बंदूक. घरातला माणूस गेल्यावर दिवसकार्य उरकलं की पोलीस ठाण्यात कळवून ती तिथे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी आणि मग वारसाचा अर्ज करावा. 'वडिलांची आठवण' म्हणून ठेवलेली बंदूक मुलाला कोर्टाची पायरी चढायला लावते.

जुनी बंदूक विकत घेताना काय तपासावं

जुनी बंदूक घेण्यात कमीपणा नाही, पण व्यवहार परवानाधारक ते परवानाधारक आणि कागदोपत्रीच व्हावा. बघायच्या गोष्टी अशा :

- नळी उजेडाकडे धरून आतून बघावी. गंजाचे खड्डे, पोचा, फुगवटा दिसला तर सोडून द्यावी.
- बारा बोअर बंद करून हलवावी. नळी आणि दस्त्याच्या सांध्यात खेळ असेल तर ती ढिली झालीय.
- खोलीची लांबी विचारावी. काही जुन्या बंदुका अडीच इंची काडतुसाच्या असतात. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, पण उडवताना उघडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. हे दुकानदाराकडून तपासूनच घ्यावं.
- घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला की तिथेच राहतो का, हे रिकाम्या बंदुकीवर बघावं. अंगठा लावला तर घसरत असेल तर दुरुस्तीशिवाय घेऊ नये.
- .३१५ रायफल असेल तर बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का बघावा. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतूस नीट दाबून बसत नाही आणि मागे फुटण्याचा धोका असतो.
- बंदुकीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का, हे सगळ्यात आधी. खोडलेला किंवा घासलेला नंबर दिसला तर हातही लावू नये.

खर्च नुसता बंदुकीचा नाही

किमतीचा क्रम साधारण असा लागतो : ठासणी सगळ्यात कमी, मग एकनळी बारा बोअर, मग दोन नळी, मग रायफल. भाव कारखान्याप्रमाणे आणि करांप्रमाणे बदलतात, म्हणून दोन परवानाधारक दुकानांत विचारून मगच ठरवावं.

पण हिशेब तिथे संपत नाही. परवान्याची फी, प्रशिक्षण, जिल्ह्याच्या ठिकाणच्या फेऱ्या, घरात ठेवायला कुलपाची लोखंडी पेटी, काडतुसं. रायफलीचं काडतूस बारा बोअरपेक्षा महाग पडतं आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळेलच असं नाही. सराव केला नाही तर रायफलीचा उपयोग नाही आणि सराव केला तर काडतुसं लागतात. परवडणारी रायफल अशी महाग होत जाते.

परवान्याचा अर्ज

अर्जदार २१ वर्षांपेक्षा कमी वयाचा नसावा. अर्जासोबत ओळखपत्र, रहिवास, फोटो, सातबारा आणि आठ अ, वैद्यकीय दाखला, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. मग पोलिसांचा अहवाल जातो. सातबारावर पीकपाहणी नीट नोंदलेली असावी. पिकाच्या नुकसानीचे जुने पंचनामे, भरपाईचे अर्ज जोडले तर उपद्रव खरा आहे हे दिसतं. नुकसान झालं की दर वेळी पंचनामा करून घ्यायची सवय इथे उपयोगी पडते.

अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवीन परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. राधानगरी अभयारण्याच्या बाजूच्या घाटपायथ्याच्या गावांनी आपलं अंतर आधी विचारून घ्यावं, नाहीतर अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. अशा भागात आधीपासून परवाना असणाऱ्यांनाही वनखात्याकडे नोंद करावी लागते.

परवाना मिळाल्यावर त्यावर युआयएन हा ओळख क्रमांक आहे का बघावा. मुदत सध्या ५ वर्षांची असते, ती संपायच्या आधी नूतनीकरण. किती काडतुसं जवळ ठेवायची आणि कुठल्या हद्दीत बंदूक न्यायची, हेही त्यावरच लिहिलेलं असतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती कोणाच्या बंदुका जमा करायच्या ते ठरवते. जमा करण्याची नोटीस आली तर जमा करून पावती घ्यावी. सूट हवी असेल तर पीकसंरक्षणाचं कारण देऊन वेळेत अर्ज करावा.

डुक्कर पडल्यावर

परवानगी असूनही इथे लोक अडकतात. परवानगीनं मारलेलं रानडुक्करही कायद्यानं सरकारची मालमत्ता असतं. ते कापून वाडीत वाटे घातले की पीक राखणारा शेतकरी आरोपी होतो. पडलेलं जनावर तिथेच ठेवून वनरक्षकाला कळवावं, पंचनामा होऊ द्यावा. जखमी होऊन पळालं तरी कळवावं. अंधारात एकट्यानं रक्ताच्या मागावर जाऊ नये.

माणूस ओळखल्याशिवाय चापावर बोट नको

रानात डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत. मारणारा आणि मरणारा बहुतेक वेळा एकाच वाडीतले, कधी एकाच घरातले. झाडीत काही हललं, बॅटरीत डोळे चमकले, एवढ्यावर बार काढला जातो. डोळे गुराचे, कुत्र्याचेही चमकतात. पूर्ण जनावर दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. त्या रात्री शेजारच्या शेतात राखणीला कोण आहे, हे संध्याकाळीच विचारून घ्यावं.

घरी आल्यावर बंदूक रिकामी करून पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. भरलेली बंदूक मांगरात टेकवून चहा प्यायला जाऊ नये. परवान्यावर ज्याचं नाव नाही त्याच्या हाती ती देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. दारू घेतलेल्या माणसानं बंदुकीला हात लावू नये. लग्नात, शिमग्यात हौसेनं बार काढणाऱ्यालाही आता २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बंदुकीआधीचे उपाय

बंदूक एका रात्रीत एक डुक्कर मारते, कळप उरतोच. म्हणून कुंपण आधी. सौर कुंपणाचा झटका जनावराला मागे फिरवतो, मारत नाही, आणि त्यासाठी शासनाच्या अनुदानाची योजना आहे. वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. पण थेट लाईनचा करंट तारेत सोडणं म्हणजे माणसांचा सापळा. सकाळी पाणी सोडायला आलेला शेजारी त्यात चिकटतो आणि तार लावणारा खुनाच्या जवळपासच्या गुन्ह्यात जातो. गावठी बॉम्ब ठेवणंही तसंच, त्यात आपलीच गुरं तोंड फाडून घेतात.

शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच सलग कुंपण घातलं आणि पाळीनं राखण केली, तर प्रत्येकाला वेगळी बंदूक लागत नाही. त्यातल्या एकाकडे परवान्याची एकनळी असली आणि वनखात्याची लेखी परवानगी हातात असली, की बहुतेक शेतांचं काम भागतं. बंदूक घ्यायचीच ठरली तर दुकानात जाण्याआधी एकदा दिवसाउजेडी आपल्या शेतात उभं राहून चारही दिशांना बघावं. ज्या दिशेला चुकलेली गोळी मातीत थांबेल अशी दिशाच सापडत नसेल, तर त्या शेतासाठी कुठलीच बंदूक स्वस्त नाही.